कोलाज पेंडंटमधल्या कागदावर पुन्हा पुन्हा पडणारा काळपट डाग

रात्री रेझिन, म्हणजे ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणारं पातळ प्लास्टिक, ओततो तेव्हा सगळं नीट असतं. कोंदणात कागदी चित्र बसलेलं, त्यावर दोन-चार मणी, जुन्या घड्याळाचं एखादं चाक, बाजूला सोनेरी वर्खाची किनार आणि वरून काचेसारखा चकचकीत थर. सकाळी झाकण उचललं की चित्राच्या एका कडेला गडद, ओशट डाग दिसतो, कागदावर तेल सांडावं तसा. पुढच्या वेळी गोंद जास्त लावला तरी डाग येतोच, फक्त जागा बदलतो. कोलाज पेंडंट करणाऱ्यांना हा डाग कधी ना कधी भेटतो आणि एकदा भेटला की सहज पाठ सोडत नाही. मी आधी गोंद बदलून पाहिला, मग कागद, मग रेझिनसुद्धा. शेवटी डाग थांबला तो कामाचा क्रम बदलला तेव्हा.

दोष कुठे आहे ते आधीच सांगते. रेझिन बहुतेक वेळा चित्राच्या वरून आत शिरत नाही, कापलेल्या कडेतून शिरतं. आपण कागदाला पुढून-मागून गोंद लावतो, तो वाळवतो आणि मग कोंदणाच्या मापाने कापतो. कात्री फिरली की कडेचे कोरडे तंतू पुन्हा उघडे पडतात. वरून कितीही जाड गोंद असला तरी त्या उघड्या कडेला रेझिन टेकलं की ते आत ओढलं जाणारच.

कागद काळपट का दिसतो

कागद म्हणजे सेल्युलोजच्या बारीक तंतूंची दाबलेली जाळी. तंतूंच्या मध्ये हवा असते. प्रकाश तंतूतून हवेत आणि हवेतून तंतूत जाताना दर वेळी वळतो, विखुरतो, आणि या विखुरण्यामुळेच कागद पांढरा आणि अपारदर्शक दिसतो. रेझिन त्या पोकळ्यांमध्ये शिरतं तेव्हा हवेची जागा घेतं. एखाद्या पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो हे सांगणारा आकडा म्हणजे अपवर्तनांक. हवेचा तो १, सेल्युलोजचा १.५ च्या आसपास आणि इपॉक्सी रेझिनचाही साधारण तेवढाच. त्यामुळे प्रकाशाला तंतू कुठे संपला आणि रेझिन कुठे सुरू झालं हे जवळपास कळतच नाही. तो न विखुरता सरळ आरपार जातो आणि कागद पारदर्शक होतो. मग आपल्याला कागदाच्या मागचं दिसू लागतं. मागे गडद धातूचं कोंदण असेल तर तो भाग काळा दिसतो. चित्राचा रंग मुळात गेलेला नसतो, त्यामागचा पांढरेपणा गेलेला असतो. हे एकदा नीट लक्षात आलं की पुढचे सगळे उपाय आपोआप सुचत जातात.

रात्री चांगलं आणि सकाळी खराब असं का होतं, याचंही उत्तर यातच आहे. रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर अशा दोन भागांचं इपॉक्सी तासन्‌तास पातळ राहतं. पेंडंटमध्ये ते इतकं थोडं असतं की स्वतःच्या उष्णतेने लवकर घट्टही होत नाही. तेवढ्या वेळात ते केशाकर्षणाने तंतूंमधून सावकाश पुढे सरकत राहतं, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं. ओतल्यावर अर्धा तास निरखून पाहिलं आणि काही दिसलं नाही, तर त्याचा काही अर्थ नाही.

कडेबद्दल माझी पक्की खात्री पटली ती फोटोच्या कागदामुळे. स्टुडिओतून छापून मिळणाऱ्या फोटोंच्या कागदाला दोन्ही बाजूंनी पॉलिथिनचा पातळ थर असतो, म्हणजे पुढून आणि मागून तो आधीच बंद असतो. तरीही असा फोटो कापून, तसाच कोंदणात ठेवून रेझिन ओतलं, तर कडेने एक गडद रेघ उमटते. मधला भाग मात्र स्वच्छ राहतो. दोन्ही बाजू बंद आणि कड उघडी ठेवली की काय होतं, हे दाखवणारा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

डाग कुठे आहे ते वाचा

दुरुस्तीला हात घालण्याआधी डागाची जागा आणि आकार नीट बघा. जमल्यास भिंग घ्या आणि पेंडंट दिव्याखाली सगळ्या बाजूंनी फिरवून पाहा.

कडेपासून सुरू होऊन आत पसरलेला, झिरपल्यासारख्या सीमारेषेचा डाग म्हणजे उघडी कड. चित्राच्या मधोमध मोहरीएवढे गोल ठिपके असतील तर गोंदाच्या थराला बारीक छिद्रं राहिली आहेत. ब्रशने गोंद घोळून लावला की त्यात फेस होतो आणि वाळताना प्रत्येक बुडबुडा फुटून तिथे एक छिद्र सोडतो. ठिपका बरोबर एखाद्या मण्याच्या किंवा तारेच्या बुडाशी असेल तर तो सजावटीचा दोष, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. रंग पसरले असतील, काळ्या रेघांभोवती जांभळट किंवा गुलाबी सावली आली असेल, तर दोष शाईचा आहे आणि ते बहुधा गोंद लावतानाच झालेलं असतं, रेझिनचा त्यात हात नाही. चित्रावर उलटी अक्षरं उमटली असतील तर ती कागदाच्या मागच्या पानावरची छपाई आहे.

दुधाळ पांढुरका ढग दिसला तर गोंद आतून वाळलेला नव्हता. आणि पेंडंट हलवल्यावर जागा बदलणारी रुपेरी चकाकी दिसली तर कागद आणि वरची काच किंवा रेझिन यांच्यामध्ये हवेची पातळ फट आहे. काचेतून हवेकडे तिरपा जाणारा प्रकाश तिथून पूर्ण परत फिरतो, म्हणून ती फट आरशासारखी चमकते. नवीन माणूस या रुपेरी चकाकीलाही डागच समजतो आणि गोंदाचे आणखी हात चढवतो. त्याचा काही उपयोग होत नाही.

बदललेला क्रम

इथे एक खरी अडचण आहे. कापून मग गोंद लावायचा हे ऐकायला सोपं, पण पांढरा गोंद, म्हणजे पीव्हीए, पाण्यातला असतो. कोरा तुकडा आधी अगदी मापात कापला आणि मग त्याला गोंद लावला, तर तंतू पाणी पिऊन फुगतात आणि तुकडा कोंदणात बसेनासा होतो. शिवाय एकाच बाजूला गोंद लागला की कागद वळतो. म्हणूनच सगळे जण आधी अख्ख्या कागदाला गोंद लावून मग कापतात. त्यांची ती सवय चुकीची नाही, अर्धी आहे. काम दोन टप्प्यांत करावं लागतं.

पहिल्या टप्प्यात चित्राचा तुकडा चारही बाजूंनी बोटभर जास्त ठेवून कापून घ्या. पुढच्या बाजूला गोंदाचा एक पातळ हात द्या, सपाट आणि मऊ ब्रशने, एकाच दिशेत. तो हाताला कोरडा लागला की मागच्या बाजूला एक हात. दोन्ही बाजूंना सारखाच ओलावा बसल्यामुळे कागद फारसा वळत नाही. थोडा वळलाच तर वाळल्यानंतर प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबा. मग पुढच्या बाजूला दुसरा हात द्या, पण आधीच्या हाताला आडवा. पहिल्या हातातली छिद्रं दुसऱ्याने बुजतात ती दिशा बदलल्यामुळेच.

आता तो तुकडा दिव्यासमोर तिरपा धरा. गोंद लागलेला भाग चमकतो, सुटलेला भाग मंद, खडूसारखा दिसतो. या तपासणीला दहा सेकंद लागतात आणि ती मी कधीच टाळत नाही.

दुसऱ्या टप्प्यात माप घ्या आणि कोंदणाच्या आतल्या मापापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर लहान कापा. कात्री किंवा ब्लेड नवं, धारदार हवं. बोथट धारेने कडेचे तंतू पिसारतात आणि ते नंतर कितीही लिंपले तरी एखादा तंतू बाहेर डोकावतोच. तुकडा चिमट्यात धरा, बोटाच्या टोकाला गोंदाचा छोटा थेंब घ्या आणि कडेवरून सगळीकडे फिरवा. पाच-सात मिनिटांनी पुन्हा एकदा फिरवा. कडेचे तंतू तहानलेले असतात, पहिला थेंब ते पिऊन टाकतात.

यानंतर कोंदणाच्या तळाला गोंद पसरा. चार थेंब टाकून भागत नाही, तळ पूर्ण झाकला गेला पाहिजे. चित्र ठेवा आणि मधून कडेकडे बोटाने दाबत हवा बाहेर काढा. कागदाखाली राहिलेली हवा पुढे रेझिनमधून बुडबुड्यांच्या रूपात वर येते. आणि आता या सगळ्या पद्धतीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट: कागदाची कड आणि कोंदणाची भिंत यांच्यामध्ये जी अर्ध्या मिलिमीटरची खाच उरली आहे, तिच्यात टूथपिकने गोंदाची बारीक रेघ भरा, सगळीकडून, कुठेही न तोडता. कागद मुद्दाम लहान कापला तो या रेघेसाठीच. कापल्यावर लावलेल्या गोंदातून एखादी जागा सुटली असेल तर ती इथे बंद होते.

मग थांबायचं. गोंद तासाभरात पारदर्शक झाल्यासारखा दिसतो आणि हात शिवशिवतात. पण कोंदणाचा तळ धातूचा असतो, खालून पाणी निघायला वाटच नसते. सगळा ओलावा कागदातून वरच्या बाजूनेच बाहेर पडायचा असतो आणि वर तर आपण गोंदाचे दोन हात दिलेले असतात. म्हणून किमान २४ तास, हवा दमट असेल तर ४८. पांढरा गोंद मुळात दुधाळ दिसतो तो पाण्यात तरंगणाऱ्या पॉलिमरच्या बारीक कणांमुळे. पाणी गेलं की ते कण एकमेकांत मिसळून सलग पारदर्शक पापुद्रा बनतो. पाणी आत अडकलं तर दुधाळपणाही तिथेच अडकतो. फार थंड खोलीत तर पाणी गेल्यानंतरही कण नीट एकजीव होत नाहीत आणि थर भुरकट राहतो.

रेझिन खर्च करण्याआधी परीक्षा घ्यायची असेल तर एक सोपी युक्ती आहे. त्याच कागदाचा एक फालतू तुकडा अगदी याच पद्धतीने तयार करा, कडेसकट, आणि त्याच्या मध्यावर व कडेवर कुठल्याही पातळ तेलाचे थेंब ठेवा. तेल रेझिनपेक्षा पातळ असतं, त्यामुळे रेझिन शिरेल अशा फटीत ते त्याच्या आधी शिरतं. अर्ध्या तासाने पुसून मागून प्रकाशात धरा. कागद कुठेही पारदर्शक झाला नसेल तर तुमची पद्धत बरोबर आहे. तो तुकडा मात्र नंतर टाकून द्या, तेलकट पृष्ठभागावर रेझिन धरत नाही. पाण्याचा थेंब या परीक्षेला चालत नाही, कारण वाळलेला पीव्हीएसुद्धा पाण्याने पांढरट होतो आणि निकाल कळत नाही.

काही जण गोंदाऐवजी पारदर्शक चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी लावतात. पटकन होतं, डागही पडत नाही, पट्टी कागदाच्या बाहेर दोनेक मिलिमीटर ठेवून एकमेकींना चिकटवली असेल तर. पण मी ती वापरत नाही. पॅकिंगची पट्टी बहुतेक वेळा पॉलिप्रोपिलीनची असते आणि त्यावर इपॉक्सी नीट पकड घेत नाही. काही महिन्यांनी थर सुटतो आणि तीच रुपेरी चकाकी कडेने आत सरकू लागते.

सजावटीचे तुकडे

कोलाजची मजा थरांत आहे आणि अडचणही. एका सपाट चित्राला एकच कड असते. त्यावर तिकिटाचा तुकडा, त्यावर नकाशाची पट्टी, त्यावर कापलेलं फुलपाखरू लावलं की चार कडा झाल्या. प्रत्येक तुकड्याला वरची सगळी पद्धत लागू होते. लहान तुकड्यांसाठी मी एक सोपं करते: सगळं कोलाज जागेवर चिकटवून झालं की संपूर्ण पृष्ठभागावर गोंदाचा आणखी एक पातळ हात देते आणि प्रत्येक तुकड्याच्या कडेवरून बारीक ब्रश वेगळा फिरवते. फुलपाखराच्या मिशा, नक्षीदार कडा अशा ठिकाणी ब्रश आडवा न ओढता टोकाने टिपायचा.

तुकडे उचलून दाखवण्यासाठी खाली फोमची दुहेरी चिकटपट्टी लावण्याची पद्धत आहे. उघड्या कार्डावर ती छान दिसते, रेझिनमध्ये नको. फोम म्हणजे हवेच्या कप्प्यांचा डोंगर, तो रात्रभर बुडबुडे सोडतो. उंची हवी असेल तर रेझिनचाच एक थर आधी ओता, तो मधासारखा दाट होईपर्यंत थांबा आणि त्यावर दुसरा तुकडा टेकवा. किती वेळ थांबायचं हे रेझिनच्या जातीवर आणि खोलीच्या तापमानावर ठरतं, म्हणून उरलेलं रेझिन कपात ठेवून त्यात टूथपिक बुडवून पाहत राहा.

तार, पिन किंवा खिळ्यासारखं काहीही कागदातून आरपार घालत असाल तर छिद्र आधी पाडा, छिद्रात गोंद सोडा, मग तार घाला आणि बुडाशी पुन्हा एक थेंब द्या. दोरा, लेस, कापडाची चिंधी, जूट यांचं वागणं कागदासारखंच असतं, तेही भिजून गडद होतात. फरक इतकाच की दोरा रेझिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहून नेतो आणि भलत्याच ठिकाणी, न लिंपलेल्या कागदावर नेऊन सोडतो. दोऱ्याला गोंदाच्या थेंबातून ओढून आधी वाळवून घ्यावं.

वाळलेली फुलं आणि पानं अगदी कडकडीत कोरडी हवीत. ओलावा राहिला तर ती आठवड्याभरात तपकिरी होतात आणि भोवती धुकं येतं. घड्याळाची जुनी चाकं लोखंडी असतील आणि ओल्या गोंदावर ठेवली तर त्यांच्याभोवती कागदावर गंजाची तांबूस वर्तुळं उमटतात. ही वर्तुळं मी फार उशिरा ओळखली, कारण मी ती चित्राच्या जुनेपणाचा भाग समजत होते. आता चाकांना आधी पारदर्शक वॉर्निशचा हात देते, किंवा गोंदाऐवजी रेझिनच्याच थेंबावर बसवते.

मणी, टिकल्या आणि खड्यांच्या भोकांत हवा असते. ठेवण्याआधी त्यांना रेझिनच्या थेंबात घोळवून घेतलं की बुडबुडे बरेच कमी होतात. चमकी कमी वापरा, एवढंच.

छपाईची तीन दुखणी

घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई बहुधा पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते, गोंदाचा ब्रश फिरला की ती पसरते. काही इंकजेटमध्ये पिगमेंटची शाई असते, ती बरीच टिकते. आपली कुठली हे ओल्या बोटाने कोपऱ्यावर घासून लगेच कळतं. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्सची पावडर मुळात प्लास्टिकची असून उष्णतेने कागदावर वितळवलेली असते, ती पाण्याने पसरत नाही. माझा कल सरळ लेझरकडे आहे. इंकजेटच हवं असेल तर प्रिंट एक दिवस वाळू द्या, मग शाई पक्की करणारा ॲक्रिलिक फिक्सेटिव्हचा स्प्रे हातभर अंतरावरून दोन-तीन वेळा हलका मारा, दर वेळी मध्ये वाळू देऊन, आणि मगच गोंदाला हात लावा. स्प्रे उघड्या हवेतच मारायचा.

मासिकाच्या आणि वर्तमानपत्राच्या कात्रणांना पाठीमागचा मजकूर असतो. कोरड्या कागदात तो दिसत नाही, पण कागद जरासा जरी पारदर्शक झाला तरी उलटी अक्षरं चित्रातल्या चेहऱ्यावर येऊन बसतात. पातळ कागदात तर फक्त गोंदानेही हे घडतं. कात्रणाच्या मागे पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचा एक दाट हात द्या. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतो, त्याचा अपवर्तनांक अडीचच्या वर आहे, त्यामुळे तो रेझिनमध्ये बुडाला तरी पांढराच राहतो. हाच हात कोंदणाच्या तळालाही दिला तर चुकून थोडं रेझिन झिरपलं तरी डाग काळा न होता फिकट राहतो. मी आता प्रत्येक गडद कोंदणाला हे करते.

चकचकीत मासिकी कागदावर चिकणमाती किंवा चॉकसारख्या पांढऱ्या पदार्थांचा लेप असतो, म्हणून तो वरून सहज भिजत नाही, पण कड तिथेही उघडीच. वर्तमानपत्राचा कागद मात्र वेगळ्या कारणाने खराब होतो. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन त्यात तसंच राहिलेलं असतं आणि ते उजेडात पिवळं, मग तपकिरी होत जातं. १९१२ साली पिकासो आणि ब्राक यांनी चित्रात कागद चिकटवायला सुरुवात केली. त्या काळातल्या कोलाजमधले वर्तमानपत्राचे तुकडे आज तपकिरी पडलेले दिसतात. आपल्या पेंडंटमध्ये असा पिवळेपणा नको असेल तर कात्रण स्कॅन करून आम्लमुक्त कागदावर छापून घ्यावं. जुनं मूळ कागदपत्र कापण्याचं दुःखही त्यामुळे टळतं.

रेझिनकडून होणाऱ्या चुका

कडा बंद करूनही पेंडंट चिकट राहत असेल तर कागदाचा संबंध नाही, प्रमाण किंवा मिश्रण चुकलं आहे. बाटलीवर प्रमाण आकारमानाने सांगितलं असेल तर ते आकारमानानेच घ्या. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे मापाने १:१ आणि वजनाने १:१ हे दोन वेगळे हिशोब आहेत. पेंडंटसाठी लागतं थोडंसंच, आणि इतक्या कमी मिश्रणात दोन थेंबांची चूकही मोठी ठरते. म्हणून एका वेळी पाच-सहा पेंडंटं तयार ठेवून जास्त मिश्रण करावं. तीन मिनिटं सावकाश ढवळा, कपाच्या भिंती आणि तळ खरवडत, मग दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा मिनिटभर. खोली २२ ते २५ अंश सेल्सिअस असावी. दमट हवेत वर मेणचट पापुद्रा आला तर तो साबणाच्या कोमट पाण्याने निघतो.

ओतण्याची वेळसुद्धा महत्त्वाची आहे. खोली तापत असताना ओतलं तर कागदाच्या तंतूंमधली उरलीसुरली हवा प्रसरण पावून बाहेर येते. संध्याकाळी, तापमान उतरत असताना ओतलं तर ती आकुंचन पावते आणि बुडबुडे कमी होतात. आधी कागद झाकला जाईल इतकाच पातळ थर द्या, तो घट्ट होऊ द्या, मग दुसऱ्या थराने कोंदण भरा. पहिल्या थरातूनच दोष दिसला तर निदान सुधारायला जागा राहते. पेंडंट पाणसळीने सपाट केलेल्या फळीवर ठेवा, वर झाकण घाला, आणि कडीत साखळी ओवायला ७२ तास थांबा.

यूव्ही रेझिन, म्हणजे अतिनील दिव्याखाली घट्ट होणारं रेझिन, वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. ते मिनिटांत घट्ट होतं, त्यामुळे कागदात झिरपायला त्याला वेळ कमी मिळतो हे खरं. पण प्रकाश जिथे पोचतो तिथेच ते घट्ट होतं. चाकाखाली, अपारदर्शक मण्यामागे, कागदाच्या उचललेल्या कडेखाली ते ओलंच राहतं आणि तिथून पुढचे कित्येक दिवस झिरपत राहतं. पंधरा दिवसांनी उमटलेला डाग बहुधा असा असतो. दीड-दोन मिलिमीटरचे थर द्या आणि दिवा दोन-तीन बाजूंनी दाखवा.

दोन्ही प्रकारच्या रेझिनला उघडी बोटं लावू नका. नायट्रिलचे हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. न वाळलेल्या रेझिनची ॲलर्जी हळूहळू जडते आणि एकदा जडली की सहसा जात नाही. ज्यांना ती होते त्यांना हे काम कायमचं सोडावं लागतं, आणि या कामावर जीव असलेल्या कोणावरही ती वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

काचेखालचं चित्र

कोंदणात रेझिनऐवजी काचेचा घुमट बसवत असाल तर डाग जाऊन रुपेरी चकाकी आणि दुधाळ ढग यांची पाळी येते. काच आणि कागद यांच्यामध्ये पाण्यातला गोंद असेल तर कडेचा गोंद आधी वाळून बूच बसतं आणि मधला अनेक दिवस पांढरा राहतो. गोंद पातळ ठेवा, थेंब मध्यभागी टाका, काच ठेवून सावकाश दाबा म्हणजे हवा कडेने निघून जाईल. बुडबुडा राहिला तर काच गोलाकार सरकवत बाहेर ढकला, उचलू नका.

दोन काचांमध्ये चित्र ठेवून भोवती तांब्याची पट्टी लावून सोल्डर करणाऱ्यांनाही कडेचाच डाग पडतो. तिथे शिरतो तो फ्लक्स, म्हणजे सोल्डरने धातूला नीट धरावं म्हणून आधी लावायचा पदार्थ, आणि नंतर धुताना पाणी. चित्र काचेपेक्षा सगळीकडून दोन मिलिमीटर लहान कापा, पट्टी हाडासारख्या गुळगुळीत वस्तूने घट्ट घासून बसवा, फ्लक्स ब्रशने अगदी जेमतेम लावा आणि काम झाल्यावर नळाखाली न धरता ओल्या फडक्याने पुसा. ६०/४० सोल्डर (६० भाग कथील, ४० भाग शिसं) १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतं, त्यामुळे सोल्डरिंगची तापलेली सळई एका जागी रेंगाळली तर कागदाची कड करपूही शकते.

डाग पडलेलं पेंडंट

भिजलेला कागद पुन्हा पांढरा होत नाही. रेझिन अजून पातळ असेल तर सगळं टिपून काढून चित्र बदलणं हाच उपाय, कारण तंतूंत गेलेलं रेझिन पुसून निघत नाही. रेझिन घट्ट झालं असेल आणि कोंदणात थोडी जागा शिल्लक असेल, तर पृष्ठभाग ४०० नंबरच्या काचकागदाने ओला ठेवून घासा, पुसून वाळवा, डागाच्या बरोबर वर एखादं पान, पाकळी किंवा वर्खाचा तुकडा ठेवा आणि वरून दुसरा थर द्या. घासल्यामुळे आलेला धुरकटपणा नवीन थराखाली नाहीसा होतो.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. पातळ कागदाचं चित्र असेल तर ते लिंपूच नका. कोंदणाच्या तळाला सोनेरी वर्ख किंवा पांढरा रंग द्या, चित्र मुद्दाम रेझिनमध्ये पूर्ण भिजवा, चिमट्याने उचलून ठेवा आणि वरून भरा. सगळा कागद सारखा पारदर्शक होतो, मागचं सोनं चित्रातून उजळतं आणि रेघा जणू हवेत तरंगतात. जुन्या नकाशांना आणि हस्तलिखिताच्या प्रतींना हे फार शोभतं. अट एकच, एकही कोरडा ठिपका राहता कामा नये.

आणि काहीच जमलं नाही तर कोंदण तरी वाचवा. घरगुती इपॉक्सी साधारण ५०-६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं. पेंडंट गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा किंवा हीटगनने हलकं तापवा, आणि टोकदार पात्याने कडेपासून उचका. बहुतेक वेळा रेझिन चित्रासकट एकसंध चकती होऊन निघतं. ती चकती फेकण्याआधी उलटी करून प्रकाशात धरा. मागच्या बाजूने रेझिनचा रस्ता स्पष्ट दिसतो: जिथे कड सर्वांत गडद आहे तिथून ते आत आलं. माझ्याकडच्या चकत्यांमध्ये ही जागा बहुतेक वेळा कात्री वळवली त्या कोपऱ्यात सापडली आहे. तिथे कड जराशी पिसारलेली होती आणि गोंदाचं बोट त्यावरून घसरून पुढे गेलं होतं.